भिंगारच्या बाकावरचा पहिला नंबर

…नाही नाही, आत नका येऊ! बाहेरच थांबा, मी पंप बाहेर आणतो. आत वरती आकड्यांना सायकली टांगलेल्या असायच्या, त्या सगळ्या उतरवून ठेवल्यात मी, पण आकडे आहेतच ना अजून… आणि ते आकडे ठोकले कुणी? मीच! मग त्यांचा भरवसा मी कसा धरू? झाडाखाली? झाडाखाली तर अजिबात नको. तिथली जाड फांदी कालच तोडली, तर शेजारच्या बनुबाई अजून माझ्या नावानं खडे फोडतायत, शेळीची सावली गेली म्हणून. फोडू द्या. तुम्ही इथं बसा, ह्या उघड्यावर. ऊन लागेल, पण वरून काही पडायचं नाही. हसताय? हसा. तुमचा नंबर लागलेला नाही, तुम्हाला हसायला काय होतंय? पहिला नंबर वाईट, तुम्हाला सांगतो, पहिला नंबर फार वाईट!

आता मी तसा बोलणारा माणूस नव्हे. शाळा मी का सोडली माहितीय? मास्तरांनी उभं केलं, म्हणले, गोरक्षनाथ, कविता म्हण. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आतनं काहीच येईना, सगळा वर्ग बघतोय, मास्तर बघतायत, भिंतीवरचा नकाशासुद्धा बघतोय… दप्तर उचललं आणि घरी आलो तो आलोच. तेव्हापासून सायकली. सायकलीचं बरं असतं हो, ती विचारत नाही, गोरख, तुझं मत काय? तिला हवा पाहिजे, हवा भरायची, संपलं. मत पाहिजे कुणाला? बाकाला!

सगळं त्या बाकाचं आहे. हा बघा, हाच. ह्याच्यापुढं रस्ता, रस्त्यापलीकडं तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या आत लष्कराचं बास्केटबॉलचं मैदान. दोन खांब, दोन फळ्या, फळीला कडी आणि कडीला बिनबुडाची जाळी. तिथं खेळणारे नावाला शिपाई, पण त्यांचं काम काय? खेळणं! सकाळी पळायचं, दुपारी लोळायचं, संध्याकाळी बॉल. खेळायचा पगार, खेळायचं दूध, खेळायची अंडी. आणि बॉलची हवा गेली की तो माझ्याकडं, म्हणून माझा त्यांच्याशी संबंध. एवढाच! ह्याच्यापुढं मी कुणाच्या अध्यात ना मध्यात…

पण बाकावर तिघं बसायचे ना! एक खाजाभाई शिंपी, पलटणीचे कपडे शिवतात. दुसरे नूरमहंमदचाचा, टांगेवाले. तिसरा कारभारी, दूधवाला, लष्कराच्या मेसला ह्याचंच दूध जातं. हे तिघं रोज संध्याकाळी यायचे आणि एकच वाद घालायचे, की ह्या खेळाडूंत पहिला कोण? आता तुम्ही म्हणाल, ह्यात वाद कसला, ज्यानं जास्त बॉल जाळीत टाकले तो पहिला. हां! मलाही असंच वाटायचं. पण तुम्ही त्या बाकावर बसलेला नाहीत.

खाजाभाई गळ्यातला टेप काढून हवेतच मोजायला लागायचे, "टोकरी में डालना क्या बडी बात है रे? वो नसीब है! माप नसीब नहीं होता. दलबीरसिंग की बाही देखो… इतनी लंबी बाही मैंने जिंदगी में नहीं काटी. नंबर एक दलबीर, बात खतम!" की लगेच चाचा उसळायचे, "बाही से दौडते क्या? घोडा लेते वक्त कान देखते क्या खाजाभाई? पाँव देखते! वो थॉमस का घुटना देखो. मेरी लाली का ऐसाच था, जवानी में." लाली म्हणजे त्यांची घोडी. आणि मग कारभारी, दुधाची किटली मांडीवर घेऊन, "आवो चाचा, घोडं काय दूध पितं का? मला इचारा. कोन किती पितंय त्ये मला ठावं. त्यो रामकिशन, तांब्या तोंडाला लावला की रिकामा हुईस्तवर खाली ठिवत न्हाई. पोटात दूध न्हाई तर उडी कुटनं यील?"

एकदा एका गिऱ्हाइकानं मधेच विचारलं, "पण बॉल टाकले किती कुणी?" तिघांनी त्याच्याकडं असं बघितलं, असं बघितलं, की बिचारा हवा न भरताच गेला. माझं गिऱ्हाईक!

बरं, नुसता वाद असता तर मी म्हणलं असतं चालू द्या. पण बाकाचा कायदा होता. आठवडी बाजाराच्या दिवशी नंबर पक्का करायचा आणि पक्का झाला की घंटी. ती बाकाच्या हाताला बसवलीय ना सायकलची घंटी, ती. वाजवायची कुणी? मी. का? तर कारभारी म्हणला, "गोरख कवा बोलत न्हाई, म्हंजी त्यो कुनाच्या बाजूनं न्हाई." बघा न्याय! दोघांनी मिळून तिसऱ्याला गप्प केलं की तिघंही माझ्याकडं वळायचे, "बजा रे गोरख!" आणि मी… ट्रिंग! घंटी झाली की पुढच्या बाजारापर्यंत त्या नंबराला कुणी बोट लावायचं नाही.

तर पितृपंधरवड्यात, तुम्हाला सांगतो, दलबीरसिंगला पहिला नंबर मिळाला. ट्रिंग. दुसऱ्या दिवशी दलबीर चाचांच्याच टांग्यातनं उतरला. उभा टांगा, सपाट रस्ता, घोडी झोपलेली! आणि घोटा मोडला. चाचा म्हणले, पायरी ओली होती. असेल. पुढच्या बाजारी थॉमस. ट्रिंग. थॉमसच्या अंगावर कांजिण्या! एवढा ताडासारखा माणूस आणि आजार पाळण्यातल्या पोराचा! त्याला पुरेल एवढी खाट दवाखान्यात नव्हती, पाय स्टुलावर ठेवले होते म्हणे. कारभारी म्हणला, हवा बदलली. असेल बाबा, बदलली असेल. मग रामकिशन. ट्रिंग. आणि त्याच संध्याकाळी, माझ्या डोळ्यादेखत, रामकिशननं उडी मारून ती कडी धरली आणि कडी, फळी, खिळे, सगळं घेऊनच खाली आला! फळी डोक्यात! इतकी वर्षं ऊनपावसात उभी असलेली फळी हो… तिला काय माझी घंटी ऐकू गेली?

खाजाभाईंनी टेप गुंडाळून खिशात घातला. मी घंटीकडं बघितलं. घंटी माझ्याकडं बघत होती. पहिला नंबर वाईट!

आणि दिवस तरी कसले? ह्याच सालचा, एकाहत्तरचा दसरा तोंडावर. रेडिओवर रोज सीमेच्या बातम्या. रस्त्यानं दिवसाढवळ्या रणगाडे स्टेशनकडं निघालेले, गेले की दुकानातल्या डबीतले चाकाचे छर्रे आपोआप थरथरायचे, रणगाडा दिसेनासा झाला तरी थरथरायचेच. गिऱ्हाइकं विचारायची, गोरख, होणार का रे लढाई? मला विचारायची! मी चाकात तोंड घालून बसायचो.

कारण मला काळजी होती वेगळीच. त्या टीममध्ये एक होता, श्रीमंत नावाचा. राहात्याकडचा पोरगा, सगळ्यात बुटका. आणि आमच्या पुष्पीचं, म्हणजे माझी धाकटी बहीण पुष्पावती, तिचं लग्न ठरलेलं ह्याच श्रीमंतशी. सुपारी फुटलेली, तुळशीचं लग्न लागलं की ह्यांचं लावायचं. आमचे होणारे दाजी! पुष्पी पाण्याला जाताना मुद्दाम कुंपणाकडनं जायची, कळशी भरायला लागायचा तेवढाच वेळ, पण यायला… जाऊ द्या. मला एकाच गोष्टीचं समाधान होतं, की बुटका आहे, बाही आखूड, गुडघा साधाच, आणि दूध त्याला पचत नाही. म्हणलं हा कशाला येतोय पहिल्या नंबरात!

पण कारभारीला बुद्धी सुचली. दसऱ्याच्या आदल्या बाजारी तो किटलीवर हात आपटून म्हणला, "आरं, पर ह्या तिघांस्नी बॉल देत हुतं कोन?"

खाजाभाई चाचांकडं बघायला लागले, चाचा मैदानाकडं.

"श्रीमंत!" कारभारी म्हणला. "आपुन टाकनारा बगितला, देनारा बगितलाच न्हाई!"

झालं! देणारा मोठा का टाकणारा मोठा? चाचा म्हणले, टांगा घोडी ओढते, पण लगाम कुणाच्या हातात? खाजाभाई म्हणले, बटन सबको दिखता, टाका किसको दिखता? तिघांचं एकमेकांशी इतकं जुळलेलं मी कधी बघितलं नव्हतं. माझ्या हातातला पाना पायावर पडला, मला कळलंसुद्धा नाही.

"गोरख! तुज्या दाजीला पयला नंबर! पेढं आन लेका!"

"बजा रे बजा!"

मी घंटीवर हात ठेवला. डोळ्यापुढं काय आलं सांगू? घोटा. कांजिण्या. फळी. आणि आता उरलं काय होतं? आता तर समोरनं रणगाडे चालले होते! हात काढून घेतला. आणि तोंड उघडलं. त्या दिवशी शाळेत उघडलं होतं ना, तेव्हा जे आलं नव्हतं, ते सगळं आता आलं हो! म्हणलं, दाजी कसले खेळतायत, नुसते मधे मधे येतात! म्हणलं, बॉल देतात कारण त्यांना तो धरवत नाही, हात गळतात! म्हणलं, पळाले की छातीतनं शिट्टी वाजते! म्हणलं, तळवा सपाट आहे, ओल्या पायांनी आमच्या ओट्यावर चालले तर बदक चाललंय असं उमटलं! आणि म्हणलं… हे कुठनं आलं देव जाणे… म्हणलं, संध्याकाळचं त्यांना दिसत नाही! दिवेलागणीला घरी आले होते, तर पुष्पी राहिली बाजूला, आमच्या आईकडं बघून लाजले!

दम लागला मला. रणगाडे गेले. बाकावर तिघं तोंडं उघडी टाकून बसलेले.

"ये बोलता भी है?" चाचा हळूच म्हणले.

"जो आदमी कभी बोलता नहीं," खाजाभाई म्हणले, "वो झूट किस वास्ते बोलेगा?"

"आन् त्येबी सोताच्या दाजीबद्दल," कारभारी म्हणला. "खरंच आसनार."

आणि श्रीमंतला शेवटचा नंबर दिला. सगळ्यात शेवटचा! मी घंटी अशी वाजवली, अशी वाजवली, की बनुबाईंची शेळी दावं तोडून पळाली. त्या रात्री शांत झोपलो. दाजींना वाचवलं होतं ना मी! एका शब्दानं… बरं, बऱ्याच शब्दांनी.

दसरा झाला. आपट्याची पानं अजून खिशात होती माझ्या, तर खाजाभाई एकटेच आले. वादाची वेळ नव्हती. चेहरा असा, की कुणीतरी उलटी बाही लावून गेलंय. म्हणले, "गोरख, मेजरसाब का कोट नापने गया था." मेजरसाहेब नवीनच आलेले, त्यांना टीममधला कोण काय काहीच माहीत नाही. आणि हुकूम आलेला, की निम्मे खेळाडू पुढच्या सामन्यांसाठी इथं ठेवायचे, निम्मे रणगाड्यांबरोबर सीमेवर. "साब ने पूछा, खाजाभाई, तुम तो रोज देखते, अच्छा कौन, बुरा कौन? मैंने जो बाक पे तय हुआ, वो बता दिया. ईमान से."

म्हणलं, "शेवटचा कोण सांगितला?"

खाजाभाई टेपशी चाळा करत बसले.

म्हणलं, "अहो, मग संध्याकाळचं दिसत नाही, हे तरी सांगितलंत का? ज्याला दिसत नाही त्याला कशाला नेतील सीमेवर?"

"छे छे!" खाजाभाईंनी कानाला हात लावले. "वो तो घर की बात है. वो बाहर कैसे बोलूंगा?"

बघा! सगळं सांगितलं, आणि जे सांगून माणूस वाचला असता तेवढंच पोटात ठेवलं. आमची अब्रू राखली! आता ह्यांना काय म्हणावं? चहा पाजला मी.

स्टेशनवर गेलो. पुष्पीनं शेंगदाण्याचे लाडू बांधून घेतलेले. वाटेत माझ्याशी एक शब्द नाही. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, भिंगारात सांगावं लागतं का? मालगाडीवर ताडपत्र्या टाकलेले रणगाडे, मागं जवानांचे डबे, खिडक्यांना झेंडूची फुलं. आणि श्रीमंत खिडकीत. हसतोय!

"गोरखभाऊ! तुमी बोल्ला म्हनं! सगळ्या बराकीत झालं, गोरखभाऊ बोल्ला म्हनून! मला राग न्हाई बरं का. मानूस मनातलं बोल्ला त्ये बरंच झालं."

मग पुष्पी लाडूचा डबा द्यायला पुढं आली, ह्यानं डबा घेतला, तिनं पदराचं टोक दातात धरलं. मला वाटलं संपलं. तर ती मागं सरल्यावर हा खिडकीतनं वाकला, माझ्या कानाशी, हळू आवाजात.

"भाऊ, येक इचारू का? त्ये संध्याकाळचं… तुमाला कवापासनं वाटतंय? मला वाटायचं मला दिसतंय. पर तुमी कवा बोलत न्हाई, आन् बोल्ला, त्या अर्थी… काल दिवेलागनीला मुद्दाम बगितलं मी. मैदानातला खांब जरा पुसटच वाटला."

सांगायला पाहिजे होतं ना हो मी? खोटं होतं म्हणून? तुझे डोळे घारीचे आहेत, माझी जीभ सडकी, एवढंच? तोंड उघडलं मी. उघडलं आणि… कविता! आतनं काहीच येईना! गार्डानं शिट्टी मारली, गाडी हलली, आणि मी तसाच, तोंड उघडं ठेवून, फलाटावर उभा.

परत येताना दवाखान्याच्या कुंपणापाशी आलो आणि काय बघितलं? उन्हात खाट टाकलेली. खाटेवर दलबीर, पाय पांढऱ्या पट्ट्यात. शेजारी थॉमस, खपल्या धरलेला. पलीकडं रामकिशन, डोक्याला मुंडासं बांधावं तशी पट्टी. तिघं पत्ते खेळतायत! आणि मधे तांब्या, कारभारीच्या दुधाचा! तिन्ही पहिले नंबर, तुम्हाला सांगतो, तिन्हीच्या तिन्ही, भिंगारात सुखरूप! आणि मी म्हणत होतो, पहिला नंबर वाईट…

पळत बाकाकडं आलो. तिघं होते. मीच घंटी वाजवली, म्हणलं, नंबर एक श्रीमंत! आत्ताच्या आत्ता! गाडी अजून मनमाडलासुद्धा गेली नसेल, मनमाडला फलाटावर उतरताना पाय मुरगळू द्या, कावीळ होऊ द्या, वरची ट्रंक डोक्यात पडू द्या, काहीही होऊ द्या, पण परत येऊ द्या!

चाचांनी मान हलवली. "जो मैदान में नहीं, उसका नंबर कैसा रे बेटा?"

कायदा! बाकाचा कायदा!

मग कारभारी माझ्याकडं बघायला लागला. म्हणला, "दलबीर पडला, थॉमस पडला, रामकिशन पडला. घंटी कुनी वाजिवली? दाजी ग्येलं, त्ये कुनाच्या बोलन्यानं?"

आणि त्या बाकावर, पहिल्यांदा, वाद झाला नाही. बाही मोजली नाही, गुडघा बघितला नाही, दूध विचारलं नाही. "नंबर एक, गोरख," खाजाभाई म्हणले. चाचा "हां" म्हणले. आणि कारभारीनं, माझ्या दुकानाच्या बाकावरची, माझी घंटी, माझ्यासाठी वाजवली. ट्रिंग.

म्हणलं, कशात नंबर एक? तर तिघं जरा लांब सरकून बसले.

आता बघा, ज्याला लागायला पाहिजे होता त्याला लागला नाही, आणि मला लागला! मला कोण नेतंय सीमेवर? माझा घोटा मोडून कुणाचं भलं होणार? फुकट गेला हो पहिला नंबर! आणि तुळशीचं लग्न होऊन गेलं. तुळशीचंच झालं. पुष्पी भाकरी वाढते आणि तोंड फिरवते. रोज दिवेलागणीला ओट्यावर उभी राहते, मैदानातल्या लांबच्या खांबाकडं टक लावून, अंधार पडेपर्यंत. मग एकदाच विचारते, "दादा, तुला दिसतोय का रे अजून?" एवढंच बोलते दिवसाकाठी. मी म्हणतो, दिसतोय. आता तर हुकूम आलाय, भोंगा झाला की दिवेच लावायचे नाहीत. मग काय सांगू तिला?

म्हणून सायकली उतरवल्या. फांदी तोडली. म्हणलं, आपल्या डोक्यावर काही ठेवायचंच नाही. आता वर नुसतं आभाळ राहिलंय, आणि आभाळातनं काय पडतंय माणसाच्या डोक्यावर?

थांबा… ऐकू येतंय का तुम्हाला? घरघर… ते नाही, तो पंप. त्याच्या वरती. सकाळी पण आली होती. आपलंच असेल विमान. आपलंच असणार…

अहो, तुम्ही कशाला उठता? पुढच्या चाकात हवा भरायचीय अजून. आणि तुमचा काय पहिला नंबर आहे?